आधी गाव, मग भूत: गोव्यातली पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

गोव्यात राहून मराठीत पहिली कादंबरी लिहायची इच्छा आहे, तिच्यात भूत असावं, वाचणाऱ्याला हसू यावं, आणि गावावर आलेल्या वाईट दिवसांची गोष्टही सांगून व्हावी, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. ही कादंबरी लिहिणं जमण्यासारखं आहे. फक्त काम कुठल्या क्रमाने करायचं ते महत्त्वाचं. बहुतेक जण भुतापासून सुरुवात करतात, कारण ते सगळ्यांत आकर्षक वाटतं. माझं सांगणं उलट आहे. आधी संकट ठरवा, मग गाव उभा करा, त्यानंतर त्या गावात भुताला काहीतरी काम द्या. विनोद शेवटी येतो, आणि पहिली तीन कामं नीट झाली असतील तर बराचसा आपणहून येतो.

संकट नेमकं ठरवा

"गावावर वाईट दिवस आले" एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही. कुठले दिवस, कुठल्या महिन्यात, कोणाच्या घरातले किती पैसे बंद झाले, हे तुम्हाला माहीत हवं. गोव्यापुरतं बोलायचं तर विषय शोधत लांब जावं लागत नाही.

खाणींचंच घ्या. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली. काम पुन्हा मार्गी लागतंय तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवल्या आणि मार्चच्या मध्यावर सगळं परत थांबलं. ही झाली वर्तमानपत्रातली बातमी. कादंबरीकाराने तिथून एका घरात शिरायचं. डिचोलीच्या किंवा सांग्याच्या पट्ट्यातलं घर. दारात कर्जावर घेतलेला ट्रक. ट्रक थांबला की ड्रायव्हर थांबतो. मग टायरवाला, गॅरेजवाला, कोपऱ्यावरचा चहाचा गाडा, भाड्याने दिलेल्या खोल्या आणि खानावळ. मांडवीत नांगर टाकून बसलेल्या बार्जवर एकटा राखणीला ठेवलेला खलाशी. आणि त्याच आठवड्यात अंगणात वाळत घातलेले कपडे पहिल्यांदाच पांढरेच्या पांढरे वाळतात, कारण रस्त्यावरची लाल धूळ बसलेली असते. घरातली बाई ते कपडे घडी घालताना खूश होते आणि त्याच हातांनी बँकेची नोटीस पाटाखाली सरकवते. या दोन गोष्टी एका वेळी एका माणसाच्या हातात आल्या की तुमची कादंबरी सुरू झाली.

साळावली धरणात गेलेला कुर्डी गाव हा दुसरा विषय. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा हा गाव १९८० च्या दशकात पाण्याखाली गेला आणि लोक वाडे आणि वालकिणी इथे जाऊन राहिले. दर मे महिन्यात पाणी उतरतं, गावाचे अवशेष वर येतात, आणि विखुरलेले कुर्डीकर तिथे जमून सोमेश्वराचा उत्सव करतात. या विषयात भूत आधीच उभं आहे. गाव वालकिणीला गेला तेव्हा गावाचा राखणदार त्यांच्याबरोबर गेला की तिथेच राहिला? गेला असेल तर त्याला नव्या ठिकाणी हद्द कोणी आखून दिली? राहिला असेल तर अकरा महिने पाण्याखाली तो करतो काय? या प्रश्नांची उत्तरं गंभीरपणे लिहायला बसा, पन्नास पानं होतील.

२०२० ची टाळेबंदी आहे. २३ जुलै २०२१ चा पूर आहे, ज्यात सत्तरी-डिचोलीतली मातीची घरं एका रात्रीत बसली. यांतलं एकच निवडा. दोन संकटं एका कादंबरीत कोंबली की दोन्हींची धार जाते. निवडलेल्या वर्षाची जुनी वर्तमानपत्रं पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून चाळा. मुख्य बातमी पुरे, पण छोट्या जाहिराती जरूर बघा. "ट्रक विकणे आहे" या एका ओळीत जे मिळतं ते अग्रलेखात मिळत नाही.

गावाची वही करा

आता एक वही घ्या आणि तिच्यात गाव मांडा. खरा गाव तसाच उचलू नका. तीन-चार गावांचा मिळून एक करा आणि त्याला नकाशावर नसलेलं नाव द्या. आजूबाजूची नावं मात्र खरी ठेवा: साखळीचा बाजार, म्हापशाचा शुक्रवार, माशेलचा बसस्टँड. खऱ्या नावांमुळे खोटा गाव पक्का होतो.

वहीत काय लिहायचं? वाडे किती, कोणत्या वाड्यावर कोण. देवळाचे महाजन कोण, पालखीला खांदा कोण देतो, घाडी (देवापुढे गावाचं मागणं मांडणारा) कोण, मांडावर (गावाच्या देवकार्याच्या जागेवर) पहिला नारळ कोणाचा. कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे आणि ते कोणत्या चवथीपासून (गणेशचतुर्थीपासून) बंद आहे. इगर्ज (चर्च) कुठे, खुरीस (क्रूस) कुठे, लादायन्हाला (ख्रिस्ती सामूहिक प्रार्थनेला) कोणाकोणाची हिंदू घरं जाऊन बसतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दुकानदाराची उधारीची वही. ती अख्खी लिहून काढा. कोणाच्या नावावर किती, शेवटचे पैसे कधी दिले, कोणाचं नाव दुकानदार मुद्दाम पुढच्या पानावर घेत नाही. वाईट दिवसांत गाव एकमेकांना कसा धरून राहतो हे त्या वहीइतकं कुठेच दिसत नाही.

गोव्यातल्या समाजाने संकटाला दिलेलं उत्तर पुष्कळदा एखाद्या उत्सवाच्या रूपात राहिलेलं आहे. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह साथीच्या दिवसांत सुरू झाला. गावात माणसं दगावत होती, लोक जांबावलीच्या दामोदराला शरण गेले आणि तिथून श्रीफळ घेऊन आले, ही कथा आजही सांगतात. सत्तरीत झर्मे गावचा चोरोत्सव आहे. चोर समजून निरपराध माणसांना मारलं गेलं, त्याची आठवण गाव अजून दर वर्षी स्वतःच्या अंगावर घेतो. पिढ्यान्‌पिढ्या आपलीच चूक मांडावर येऊन कबूल करणारा गाव! तुमच्या गावानेही कधीतरी असं काही केलेलं असणार. ते काय, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. भूत बहुधा तिथून येईल.

भुताला काम द्या

घाबरवणारं भूत दोन प्रकरणांत संपतं. गावात ज्याला काम आहे, ज्याचं गावाकडे काही येणं आहे आणि ज्याच्याकडून गावाची काही अपेक्षा आहे, असं भूत तीनशे पानं चालतं. आपल्याकडे असं भूत तयारच आहे: देवचार, म्हणजे राखणदार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, रात्री गावाच्या शिवेवरून फेरी. वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. त्याच्या जागेवर रोट, केळी, विडी, सोरो (दारू) ठेवायचा. काही गावांत वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि त्या झिजतात असं सांगतात, कारण तो रात्रभर चालतो. आमोणे, लोलये, पैंगीण इथली वेताळाची स्थानं बघून या. डिचोली तालुक्यात साळला होळीनंतरच्या रात्री गडे (अंगात आलेले गावकरी) पडतात, तेही एकदा बघा. रानाच्या दिशेने धावणारे गडे जितके पाहण्यासारखे, तितकेच मांडावर जागून त्यांची वाट बघणारे घरचे लोकही. तुमची कादंबरी त्या वाट बघणाऱ्यांमध्ये आहे.

इतरही आहेत. अपुऱ्या इच्छेचा मुंजा, पाणवठ्यावरचा गिऱ्हा, बाळंतपणात गेलेली आळवंतीण. यांच्याकडे जाताना एक लक्षात ठेवा. आळवंतीण ही आधी एक मेलेली बाई आहे, जिच्यासाठी वेळेवर होडी मिळाली नाही किंवा सुईण पोचली नाही. तिचं हसू करू नका. खापऱ्या या भुताचंही तसंच. त्याच्यामागे पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा इतिहास आहे, आणि आज तो कित्येक ठिकाणी पुजला जातो. २०२५ मध्ये पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामासाठी खाप्रेश्वराचा जुना वड जागचा हलवला, तेव्हा लोक आडवे उभे राहिले. ज्याला इथे जबरदस्तीने आणलं त्याच्या जागेसाठी चार शतकांनंतर इथलेच लोक भांडतात, ही फार मोठी गोष्ट आहे. ती लिहिणाऱ्याची मी वाट बघतो आहे.

एक भूत निवडलं की त्याचे नियम एका पानावर लिहून भिंतीला चिकटवा. त्याची हद्द कुठून कुठपर्यंत. कोणाला दिसतो, कोणाला नुसता ऐकू येतो, कोणाला फक्त विडीचा वास येतो. काय मागतो. काय करू शकत नाही. "करू शकत नाही" हा रकाना मोठा ठेवा. हद्दीबाहेर जाता न येणाऱ्या राखणदाराच्या गावचा मुलगा जर आखातात किंवा इंग्लंडला कामाला गेला असेल, तर आई राखणदाराला काय सांगेल? राखणदार काय उत्तर देईल? नियम पक्के असले की असे प्रसंग आपोआप सुचतात.

म्हाताऱ्यांकडे जा, पण भुताचं विचारू नका

"तुम्ही भूत पाहिलंय का?" असं विचारलंत तर लोक एक तर नाही म्हणतात किंवा टीव्हीवर पाहिलेलं सांगतात. "रात्रीच्या शोनंतर कुठल्या वाटेने घरी यायचा? कुठली वाट टाळायचा?" असं विचारा. "कुठल्या झाडाखाली गाडी थांबवत नाही?" असं ट्रकवाल्याला विचारा. बायकांना विचारायचं असेल तर पौषात, धालोच्या (बायकांच्या रात्रीच्या गाण्या-नाचाच्या) दिवसांत, आणि तेही घरातल्या एखाद्या काकी-मावशीला बरोबर घेऊन. मांडावर बायकांच्या अंगात रंभा येतात तेव्हा काय होतं, हे त्यांना सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील. नाही सांगितलं तर तो विषय तिथेच सोडा. फोनवर रेकॉर्ड करण्याआधी विचारा, आणि घरी येऊन त्याच रात्री लिहून काढा. शब्द आठवतात, पण सांगणारा कुठे थांबला ते दुसऱ्या दिवशी विसरायला होतं, आणि गोष्टीचा जीव त्या थांबण्यात असतो.

हसू कुठून आणायचं

यासाठी परदेशी विनोदी कादंबऱ्या वाचायला माझी हरकत नाही, पण आधी आपल्याकडे काय आहे ते ऐका. दशावतारातला संकासुर देवाधर्माच्या खेळात शिरून वाटेल ते बोलतो आणि कोणालाही ते खटकत नाही. शिवोलीच्या जागरात (रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात) हिंदू आणि ख्रिस्ती घराण्यांतली माणसं मिळून रात्रभर सोंगं आणतात, एकमेकांची टर उडवतात, आणि ती सगळी गंमत गावच्या राखणदाराच्या सेवेला रुजू होते. म्हणजे भूत, हसू आणि गाव यांची सांगड आपल्या लोकांनी आधीच घातलेली आहे. तुम्ही ती फक्त कागदावर आणताय.

माझ्या मते सगळ्यांत उपयोगी साचा गाऱ्हाण्याचा. घाडी देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने मागणं मांडतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. यात एकाचं बोलणं आणि सगळ्यांचा होकार एका दमात येतो. खाणी बंद झाल्यावरचं असं एखादं गाऱ्हाणं लिहून बघा:

"बा राखणदारा म्हाराजा, आज ह्या गांवचो ट्रकवालो तुज्या पांयां मुखार उबो आसा म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"ट्रकाचो हप्तो तीन म्हयने थकला म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"बँकेचो मनीस सोमाराक येता, ताका शिमेर वाट चुकय म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"पूण ताका खंय पडूंक दिवं नाका. तो आमच्याच गांवचो जांवय म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"

इथे कोणीही विनोद करत नाहीये. घाडी मनापासून मागतोय, लोक मनापासून होकार देताहेत. हसू येतं ते गावाच्या अडचणीतून आणि शेवटच्या ओळीतल्या मायेतून. हाच कस तुमच्या प्रत्येक विनोदी प्रसंगाला लावा: पात्रं स्वतः हसत नसताना वाचणारा हसला पाहिजे. श्रद्धा ठेवणाऱ्याला मूर्ख ठरवून मिळवलेलं हसू स्वस्त असतं, आणि पुढच्या प्रकरणात त्याच माणसाच्या दुःखाने वाचकाला हलवायचं असतं तेव्हा ते आडवं येतं.

दुसरी चांगली जागा म्हणजे रविवारची ग्रामसभा. राखणदाराच्या जागेकडे जाणारी पायवाट पंचायतीच्या कुठल्या वॉर्डात येते, तिथे दिवा कोणी लावायचा, त्याच्या जागेवर बांधकामाला ना हरकत दाखला कोणी दिला, यावर खडाजंगी होऊ द्या. सचिव इतिवृत्तात सगळं लिहून घेतोय. भुताचा उल्लेख सरकारी भाषेत करताना त्याची जी धडपड होते ती नीट, न घाई करता लिहा.

भाषेचा प्रश्न लवकर सोडवा

निवेदन मराठीत आणि बोलणं कोकणीत, ही रचना गोव्यातल्या कादंबरीला सहज शोभते, कारण इथल्या कित्येक घरांत तसंच चालतं. आई कोकणीत ओरडते आणि मुलगा मराठीत वर्तमानपत्र वाचतो. पेडण्याची बोली, सत्तरीची बोली, सासष्टीच्या ख्रिस्ती घरातली बोली वेगवेगळी आहे. एकाच बोलीला धरा, तिथल्या माणसाकडून तपासून घ्या. वाक्य नागपूरच्या वाचकालाही संदर्भाने कळेल असं बेताचं ठेवा, आणि शेवटी शब्दार्थांची यादी जोडू नका. राखणदार कुठल्या भाषेत बोलतो, हे मात्र पहिल्याच प्रकरणात ठरलं पाहिजे. माझं मत विचाराल तर त्याने फार बोलूच नये.

सांगाडा: गावाचं एक वर्ष

पहिल्या कादंबरीला कथानकाची फार कसरत नको. गावाचं एक वर्ष घ्या. शिगमो (गोव्यातली होळी), मे महिन्यातली पाण्याची ओढ, पाऊस, श्रावण, चवथ, दसरा, नरकासुर, तुळशीचं लग्न, जत्रा, धालो, आणि परत शिगमो. बारा प्रकरणं, प्रत्येकी चार-पाच हजार शब्द, म्हणजे पन्नास-साठ हजार शब्दांची, सुमारे दोनशे पानांची कादंबरी होते. संकट प्रत्येक सणाला काय करतं ते बघत जा.

चवथीचं प्रकरण मी अगदी हात राखून न ठेवता लिहीन. हप्ता थकलेल्या घरातही माटोळी (गणपतीवर टांगायची रानफळांची, पानाफुलांची चौकट) बांधायची असते. बाजारातली फळं परवडत नाहीत, म्हणून घरचा कर्ता कित्येक वर्षांनी पुन्हा रानात जातो. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचे घोस, कुठे काय मिळतं ते त्याला आठवत नाही. बापाने दाखवलेल्या जागांवर आता खाणीचा खंदक आहे, पाण्याने भरलेला. अशा वेळी राखणदाराने त्याला वाट दाखवायला हरकत नाही. त्या वर्षी त्या घरची माटोळी गावात सगळ्यांत भरगच्च होते, आणि ट्रक अजून दारातच उभा असतो. नरकासुराचं प्रकरण याच्या उलट, गोंगाटाचं. गावात पैसे नाहीत, तरी पोरांनी पट्टी (वर्गणी) जमवलीय आणि नरकासुराचा पुतळा गेल्या वर्षीपेक्षा मोठा हवाय. दोन्ही प्रकरणं थोड्याच अंतराने आली की एकमेकांना उचलून धरतात.

शेवटाबद्दल एकच नियम: भुताने कर्ज फेडायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल राखणदार फिरवू शकत नाही, धरणाचं पाणी कायमचं उतरवू शकत नाही. तो फार तर माणसांना एका रात्री एका जागी आणू शकतो. तिथे जमल्यावर काय करायचं ते गावाने ठरवायचं. आणि भूत खरं होतं की नव्हतं, याचा खुलासा करू नका. गावात ज्याला जे वाटतं ते तसंच राहू द्या.

लिहून झाल्यावर

पहिला खर्डा मोठ्याने वाचा, सोप्यावर बसून, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यांत लहान कॉलेजवाल्याला. दोघं कुठे हसतात तिथे पेन्सिलीने खूण करा. एकटा कॉलेजवालाच हसला असेल तर तो प्रसंग पुन्हा बघा, कारण बहुधा तिथे तुम्ही म्हाताऱ्याला हसलेले असता. मग ओळखीच्या लोकांच्या खुणा पुसा: धंदा बदला, वाडा बदला, तोंडची ठरलेली शिवी बदला. एखाद्या देवस्थानाचा वाद न्यायालयात चालू असेल तर त्याच्या आसपासही जाऊ नका.

अख्खी कादंबरी प्रकाशकाकडे नेण्याआधी एक प्रकरण सुटी कथा म्हणून दिवाळी अंकाकडे पाठवून बघा. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास पाठवलंत तर संपादकांना वाचायला वेळ मिळतो. कुठलं प्रकरण पाठवायचं असा प्रश्न पडला तर ज्यात भूत सर्वांत कमी आणि गाव सर्वांत जास्त आहे, ते पाठवा.